छऱ्यांचे वंगण

माउली, सायकलीच्या वंगणावर या मासिकात कुणी लिहावे का, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. पण पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला सायकलीवर जाणारे आता कमी नाहीत. आषाढीला नाशिकहून पंढरीची सायकल वारी निघते. आमच्या नामपूरला मळ्यामळ्यांतून हरिपाठाला येणारी जुनी मंडळी तर काळ्या सायकलीच्या हँडलला टाळांची पिशवी अडकवूनच यायची, अजूनही काही येतात. वारीचे साधन म्हटले की त्याची निगा आलीच, आणि सायकलीची निगा म्हणजे मुख्यतः तिच्या छऱ्यांची निगा.

पुढच्या चाकाच्या हबात दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे असतात, मागच्यात नऊ-नऊ, जरा मोठे. शिवाय पायडलच्या मधल्या आसात आणि हँडलच्या मानेत. तुमचा सगळा भार या एवढ्याशा गोळ्यांवर. लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून मध्ये जो पातळसा थर असतो, तो आपल्याला कधीच दिसत नाही.

ग्रीस म्हणजे काय, हे एकदा नीट समजले की निवड अवघड राहत नाही. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेले तेल. नुसते तेल ओघळून जाते; साबण त्याला जागेवर धरतो आणि लागेल तेवढे सोडतो. आता हा साबण कशाचा, यावर सारे अवलंबून. सोडियमच्या साबणाचे ग्रीस उष्णता चांगली सोसते, पण पाणी लागले की त्याचे दूध होते. चुन्याच्या साबणाचे, ज्याला दुकानात कप ग्रीस म्हणतात, ते पाण्याला दाद देत नाही. मात्र फार उष्णता त्याला सोसत नाही. सायकलीचा हब काही तापत नाही, त्यामुळे ते अगदीच वाईट नव्हे. लिथियमच्या साबणाचे ग्रीस दोन्ही सोसते. पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असताना आपण सायकल तशीच घालतो, आणि उन्हाळ्यात बागलाणची धूळ खातो. आपल्यासाठी लिथियमच बरे, असे माझे मत आहे.

आणि एक गंमत सांगतो. या लिथियमच्या साबणाला जे आम्ल लागते, ते बहुधा एरंडेलापासून काढतात. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवून वंगण करत आणि त्याचा बांबूचा नळा गाडीखाली टांगलेला असे. नळा गेला, डबा आला. एरंड आहे तिथेच आहे.

डब्यावर आकडा पाहा. 2 हवा. तो घट्टपणाचा आकडा आहे: शून्याचे ग्रीस पातळ, तीनचे घट्ट, दोनचे मऊ लोण्यासारखे. रंगावर जाऊ नका. लाल, निळे, पिवळे हे रंग बहुतेक वेळा मिसळलेले असतात. त्यावरून आतला गुण कळत नाही. काळे, मोलिब्डेनमचे ग्रीस जड आणि सावकाश घासणाऱ्या भागांसाठी असते, छऱ्यांना त्याची गरज नाही. सायकलीसाठी म्हणून परदेशी नळ्या मिळतात, त्या चांगल्या असतात. पण ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातला साधा लिथियमचा डबा तेच काम करतो आणि साऱ्या भजनी मंडळाच्या सायकलींना पुरून उरतो.

मात्र खायचे तेल घालू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या मंडळातल्या एका बुवांचे तसे झाले. वय पंचाहत्तरच्या पुढे. सायकल ओढवेना, चढावर उतरून चालू लागले. घरच्यांनी सांगितले, आता वय झाले, सायकल सोडा. बुवाही मनाने खचले. सायकल सुटली की सप्ताहाला दुसऱ्या गावी जाणे कुणाच्या तरी गाडीवर आले, आणि कुणाला अडवायचे नाही हा त्यांचा बाणा. म्हणजे जाणेच संपले. मी चाक उचलून हाताने फिरवले, तर अर्ध्या फेऱ्यातच थांबले. हब उघडला. आत वर्षानुवर्षे घातलेले गोडेतेल चिकासारखे वाळून गेलेले, त्यात धूळ कालवलेली. छर्रे सुटेनात, दाभणाने काढावे लागले. गोडेतेल हवेने वाळते, घट्ट होते. कढईच्या काठावर आपण रोज पाहतो. बुवांचे गुडघे थकले असतील, पण चाक त्यांच्याहून अधिक थकले होते. छर्रे बदलून, नवे ग्रीस भरून सायकल दिली. ते काही बोलले नाहीत. बसले आणि गेले. त्या आठवड्यात चार ठिकाणच्या हरिपाठाला गेले असे नंतर कळले.

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला, नाम घ्यावे आणि चालावे. नाम घ्यावेच. पण गोरोबांनी माती तुडवली, सावतोबांनी मळा राखला, सेना महाराजांनी वस्तरा चालवला, आणि कच्चे काम करून वर नाम घेतले असे त्यांच्याविषयी कुणी सांगत नाही. हबच्या आत काय भरले ते गिऱ्हाईक बघत नाही. जुन्यावरच नवे थापले तरी दोन महिने कळत नाही. दुकानात ‘ओव्हरहॉलिंग’चे ‘ओव्हरऑयलिंग’ झाले आहे, तो शब्द ऐकून मला हसू येते. पण कित्येकदा काम तेवढेच होते, वरून तेल.

तेव्हा जुने सगळे काढा. डिझेलने धुवा, फडक्याने कोरडे करा. निरनिराळ्या साबणांची ग्रीसे एकमेकांत मिसळली तर कधी कधी पातळ होऊन गळतात, म्हणून थोडेही मागे ठेवू नका. वाटीत ग्रीसचा थर द्या, त्यात छर्रे मोजून बसवा, वरून पुन्हा थर द्या. कोन आवळताना आस हलता कामा नये आणि अडकताही कामा नये. यालाच वेळ लागतो, लागू द्या. बाहेर आलेले ग्रीस पुसून टाका, नाहीतर धूळ त्यालाच चिकटते. साखळीला मात्र ग्रीस नको, पातळ तेलाचा एकेक थेंब पुरे.

संस्कृतात तेला-तुपाला स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच. वैशेषिकांनी तर पिठाचा गोळा बांधून धरणारा गुण तो स्नेह, असे म्हटले आहे. धरून ठेवतो आणि फिरूही देतो, असे काहीतरी हबात भरताना मला हा शब्द हटकून आठवतो.

यंदा पौषात त्र्यंबकला सायकलीवर जाणार असाल तर मार्गशीर्षातच चाके उघडा, आदल्या दिवशी नको. जोडून झाल्यावर पुढचे चाक अधांतरी उचला, व्हॉल्व्ह वर आणा आणि हळूच सोडा. तो आपल्या वजनाने खाली यावा, पलीकडे जावा, परत यावा, आणि झुलत झुलत तळाशी थांबावा. मध्येच अडला तर पुन्हा खोला.