पडीक कातळ

“आपण करतां तरी काय?” हा प्रश्न आमच्या सोयऱ्याधायऱ्यांनीं आम्हांस गेल्या २५ वर्षांत कितीदां विचारला असेल, याची मोजदाद नाहीं. खाण, धरण अथवा कारखाना होण्यापूर्वीं तेथील हवा, पाणी, झाडेंझुडपें आणि माणसें यांवर त्याचा काय आघात होईल, हें आगाऊ लिहून देणें हा आमचा व्यवसाय. अमेरिकेंत १९७० सालीं याविषयींचा कायदा झाला. आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेनें असे अहवाल बंधनकारक झाले आणि २००६ सालीं तिची जागा नव्या अधिसूचनेनें घेतली. अहवाल लिहिणाराची दक्षिणा प्रकल्पाचा मालकच देतो. मुलीकडच्या घराण्याची चौकशी करावयास निघालेल्या गृहस्थानें वधूपित्याकडेच मुक्काम करावा, तसा हा प्रकार! पण तें दुखणें जुनें आहे. आम्हांस सलतें तें निराळेंच.

२००८ च्या मे महिन्यांत कोंकणांतील एका सड्यावर आम्ही गेलों. तेथें बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. एका ऋतूचीं मापें पुरेशीं, मात्र तो ऋतु पावसाळा नसावा, असा आमच्या धंद्यांतील दंडक. त्यांत गैर कांहीं नाहीं. पावसानें हवा धुतली जाते आणि धुळीचें माप फसवें येतें. परंतु धुळीसाठीं केलेला नियम आम्हीं फुलांसही लावला! मे महिन्यांतला सडा म्हणजे तापलेला तवा. काळा जांभा आणि भेगांतून वाळलेलें गवत. आम्हीं चौरस आंखून प्रामाणिकपणें मोजणी केली आणि लिहिलें : “पडीक कातळ. नोंद घेण्याजोगी वनस्पति नाहीं.” हें लिहिण्यास आम्हांस कोणीं एक पैही अधिक दिली नव्हती.

पुढें जनसुनावणींत एक वृद्ध बाई उठल्या. “साहेब, श्रावणांत आलां होतांत का हो सड्यावर?” आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें. त्या खालीं बसल्या. इतिवृत्तांत प्रश्नाची एक ओळ आली आणि तिच्यापुढें ‘खुलासा केला’ असा शेरा पडला.

त्या प्रश्नानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. २००९ च्या श्रावणांत आम्ही स्वखर्चानें तेथें गेलों. आम्हीं पडीक ठरविलेल्या कातळावर वीतभरही नसलेलीं सीतेचीं आसवें दूरवर निळींजांभळीं पसरलीं होतीं. मधून गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचीं पिवळीं फुलें, चिकट थेंबांनीं चिलटें धरणारें दवबिंदूचें रोप. माती नांवापुरतीच, म्हणून यांतलीं कित्येक रोपें किड्यांवर गुजराण करतात. खळग्याखळग्यांत बेडूक ओरडत होते. आणि पाणी! तें कातळाच्या भेगांतून खालीं मुरत होतें. पायथ्याशीं झरा होता, आणि त्याच्याखालीं गांवच्या विहिरी. हा साधा हिशेब आम्हांस त्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितला होता.

परवानगी तोंवर मिळून गेली होती. आम्हीं पुरवणी टिपण धाडलें. त्याची पोंच तेवढी आली. पुढें तो सडा पाहावयास जाण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आतां सड्याचें काम आलें, कीं एक पावसाळा थांबावें लागेल, असें आम्ही आरंभींच सांगतों. दोघां मालकांनीं तें ऐकून दुसरे सल्लागार गांठले. (दक्षिणाही अर्थात् तिकडेच गेली, हें आमच्या घरीं अद्याप बोलून दाखविलें जातें.) तिसरे थांबावयास कबूल झाले आहेत. त्यांच्या सड्यावर आम्ही श्रावणांत जाणार आहों.