चौथा रकाना

तळवड्यात ज्योतिबानगरातल्या भाड्याच्या शेडमधून आमचं वर्कशॉप देहू-आळंदी रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये न्यायचं ठरलं. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. दोन सीएनसी, तीन व्हीएमसी, एक ड्रिलिंग मशीन आणि चौदा माणसं. हे सगळं हलवायची जबाबदारी माझ्यावर आली.

मी शंभरपानी वहीत तीन रकाने आखले: कुणाला, काय, कधी. मालक, दोन्ही जागामालक, महावितरण, हायड्रा क्रेनवाला, मशिनांच्या लेव्हलिंगसाठी येणारा सर्व्हिस इंजिनिअर, चाकणचा ग्राहक. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून दिवस गुरुवारच धरला. कामगारांची ओळ सर्वांत खाली होती: ‘आदल्या दिवशी, सुट्टी होताना.’

पण त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. हायड्रावाल्याने चहाच्या टपरीवर सांगितलं की अमक्या शेडमधली मशिनं उचलायची आहेत. दुपारपर्यंत त्याचं ‘कारखाना बंद पडतोय’ झालं. दोघांनी येऊन हिशेब मागितला. एक सेटर तर दुसरीकडे बोलणी करून आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बसवून नवीन शेडचा नकाशा दाखवला. कोणतं मशीन कुठं बसणार, पगारात खाडा पडणार नाही, सगळं सांगितलं. मग आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, डबा बंद करत म्हणाले, “साहेब, पुढल्या गुरुवारी बीज आहे. हायड्रा आणणार कुठनं?”

फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज! त्या दिवशी देहूच्या वाटा वारकऱ्यांनी भरून जातात आणि जड वाहनांना तिकडे फिरकू देत नाहीत. पंधरा दिवस मी फोनाफोनी करत होतो, पण कॅलेंडरात ती तिथी पाहावी हे सुचलं नव्हतं. तारीख आठवडाभर पुढे गेली.

तारीख बदलली म्हणून ग्राहकाला पुन्हा मेल केला. पहिला मेल खरेदी विभागाला गेला होता आणि त्यांनी ‘ठीक आहे’ कळवलं होतं. खरेदीला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असा माझा समज. हा दुसरा मेल तिथून कुणीतरी क्वालिटीकडे पाठवला आणि दहा मिनिटांत फोन आला: “फोर-एम चेंजची नोटीस कुठंय? पीपॅप परत करावं लागेल.”

चूक माझीच होती. मशीन तेच, ड्रॉइंग तेच, ऑपरेटर तोच असला तरी जागा बदलली की वाहन उद्योगात ग्राहकाला आधी कळवावं लागतं; तीच फोर-एम चेंजची नोटीस. मग पीपॅप, म्हणजे नगांची मंजुरी, नव्याने घ्यायची: नव्या जागेत सलग उत्पादन घ्यायचं (संख्या ठरवून दिली नसेल तर किमान 300 नग), त्यांतले नग मोजायचे, रिपोर्ट द्यायचा. मंजुरी येईपर्यंत नव्या शेडमधला एकही नग पाठवता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणजे तोवर पुरेल एवढा माल जुन्या शेडमध्येच काढून ठेवायला हवा. ठरल्या गुरुवारी मशिनं उचलली असती, तर ग्राहकाची लाइन थांबली असती आणि आमचं नाव खराब झालं असतं.

स्थलांतर आणखी तीन आठवडे लांबलं. रात्रपाळी लावून मालाचा साठा तयार केला. हिशेब मागणारे दोघेही त्या पाळीत होते.

क्वालिटीचा फोन आला त्या रात्रीच मी वहीत चौथा रकाना आखला होता: ‘त्यांनी काय विचारलं?’ तीन रकाने भरताना मी नुसता सांगत सुटलो होतो. अडचण कळली ती मात्र मामांच्या आणि क्वालिटीच्या प्रश्नांतून, आणि तेही नशिबाने.

अखेर एका गुरुवारी पहाटे हायड्राने पहिलं व्हीएमसी उचललं. संध्याकाळपर्यंत सगळी मशिनं नव्या शेडमध्ये जागेवर बसली. मी निवांत झालो, तोच मामा रिकामी बाटली हलवत आले. “साहेब, शहरात 2019पासून दिवसाआड पाणी. इथल्या नळाला कोणत्या दिवशी येतं, ते विचारलंय का कुणाला?”

मी वही उघडली.