आष्टीहून समुद्राकडे

तुमच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असेल. त्यात अमरावती आणि वर्धा ही दोन शहरे शोधा. त्यांच्या मधोमध, जरा वरच्या अंगाला बोट ठेवा. तेथे आमचे आष्टी आहे. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात इथल्या लोकांनी इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. काहींनी प्राण दिले. म्हणून या गावाला 'आष्टी शहीद' असेही म्हणतात. आता तेच बोट डावीकडे सरकवत निळ्या रंगापर्यंत न्या. केवढे अंतर झाले पाहा! सरळ रेषेत मोजले तरी ते पाचशे किलोमीटरांहून अधिक भरते.

आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे अप्पर वर्धा धरणाचे. त्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. नावात सागर आहे. पण पाणी गोड आहे आणि पलीकडचा काठ दिसतो. माझ्या अम्मीने सत्तर वर्षांत याहून मोठे पाणी पाहिलेले नाही.

पण समुद्राच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकल्या आहेत. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्या काळी हजचे यात्रेकरू जहाजाने जात. १९९५ नंतर ती जहाजे बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. नाना सांगत, "जहाजाच्या कठड्याला धरून उभे राहिले, की चारही बाजूंना पाणीच पाणी. झाड नाही, घर नाही." अम्मीला ते खरेच वाटत नसे. आता तिचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी तिला एका जागी तासाभराहून जास्त बसू नको, असे सांगितले आहे. तेव्हा समुद्र दाखवायचा, तर तो याच वर्षी, असे आम्ही भावंडांनी ठरवले.

धाकट्या भावाने लगेच मोबाइलवर रस्ता काढला. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. तो ७०१ किलोमीटर लांब आहे आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटर वेगाने जाऊ शकतात. भाऊ म्हणाला, "सकाळी निघू, रात्री मुंबईत."

अम्मीने विचारले, "मग वाटेत मला काय दिसेल?"

भावाला उत्तर देता आले नाही. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. गावे लांबून दिसतात. झाडाखाली थांबून डबा उघडावा, तर तशी सोयच नाही. मला तो रस्ता वाईट वाटत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर असाच रस्ता हवा. पण आम्हांला पोहोचण्याची घाई नव्हती. म्हणून जाताना जुना रस्ता आणि येताना समृद्धी, असा निकाल लागला.

मग वहीत पहिला नियम लिहिला: रोज चार तासांहून जास्त प्रवास नाही आणि तासातासाने गाडी थांबवायची. हा नियम अम्मीच्या गुडघ्यांनी केला आहे, असे भाऊ म्हणतो.

कधी निघायचे, हा प्रश्न त्याहून अवघड होता. आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. त्याच दिवसांत घरात दहावीची परीक्षा आणि शिवाय रमजान. नाशिककडची द्राक्षे जानेवारीपासून साधारण एप्रिलपर्यंत असतात. कोकणातला हापूस मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येऊ लागतो. अब्बांनी बोटे मोजून सांगितले, "ईद झाली, परीक्षा संपली, संत्री गेली, की मार्चचा शेवटचा आठवडा. द्राक्षे सरता सरता भेटतील आणि आंबा नुकता आलेला असेल." अब्बा फारसे शिकलेले नाहीत, पण फळांचे पंचांग त्यांना तोंडपाठ आहे. फक्त एक अडचण आहे. तेव्हा अकोला-जळगावकडे ऊन फार कडक असते. म्हणून फजरच्या नमाजानंतर लगेच निघायचे आणि दहा वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचायचे.

पहिला टप्पा तळेगाव, मोझरी, अमरावती असा अकोल्यापर्यंत. दुसरा जळगावपर्यंत. तिसऱ्या दिवशी धुळ्यावरून मालेगाव. तेथे माझी खाला राहते. तिच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. एकच रात्र राहिलो तर खाला रुसेल, म्हणून वहीत दोन रात्री लिहिल्या आहेत.

मालेगावहून नाशिकच्या वाटेवर पिंपळगाव बसवंत लागते. इथून द्राक्षांचा मुलूख सुरू होतो. निफाड आणि दिंडोरी हे तालुके द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. या भागात द्राक्षांपासून मद्य बनवणारे कारखानेही आहेत आणि लांबलांबचे प्रवासी ते पाहायला येतात. आम्हांला त्याच्याशी कर्तव्य नाही. आम्हांला मांडवाखालून चालायचे आहे, घडावरून हात फिरवायचा आहे. आणि अब्बांना छाटणी समजून घ्यायची आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा वेल छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या येतात. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे घड लागतात. संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून आपण बहार धरतो, तसेच हे थोडेफार. इब्न बतूता हा प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. तो तर मोरोक्कोहून आला होता. आम्ही आष्टीहून नाशिकला जायला एवढा विचार करतो!

नाशिकला गोदावरी पाहू. तिचा उगम त्र्यंबकेश्वरला आहे. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटर. तरी ती पाठ फिरवते आणि पूर्वेला जाते. आमच्या गावचे पावसाचे पाणी वर्धा नदीतून, मग प्राणहितेतून याच गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. पाणी पूर्वेच्या समुद्राला जाणार आणि आम्ही पश्चिमेच्या.

पनवेलला एक मुक्काम करून मग मुरूड. समुद्र पहिल्यांदा नीट दिसेल तो इथे. राजपुरीहून होडीने जंजिरा किल्ल्यात जाता येते. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. भोवती खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. पण होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना होडी हलते. अम्मीचे काय करायचे? खूप वाद झाला. शेवटी अम्मीच म्हणाली, "तुम्ही जा. मी काठावर बसून पाहीन." वहीत तिच्या नावापुढे 'काठ' असे लिहिले आहे. मला ते अजून खटकते.

त्यापुढे दिघी, श्रीवर्धन, केळशी, हर्णे, दाभोळ. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. केळशीला याकूब बाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती, असे सांगतात. हर्णेला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. नकाशात ही गावे जवळजवळ दिसतात. पण मध्ये खाड्या घुसल्या आहेत. खाडी आली, की गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. आगरदांड्याला एकदा, बागमांडल्याला एकदा. तिकडचे लोक या बोटीला 'जंगल' म्हणतात. त्यात वाघ नसतो, काळजी करू नका.

सर्वांत शेवटी दाभोळ. हे फार जुने बंदर आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात येथून हजला जाणारी गलबते सुटत. खाडीकाठी दगडी शाही मशीद आहे. विजापूरची एक शाहजादी हजसाठी येथवर आली, पण तिला पुढे जाता आले नाही. मग जवळचा पैसा तिने या मशिदीसाठी खर्च केला, अशी कथा तेथे सांगतात. ही कथा ऐकल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. "दाभोळला दोन दिवस ठेवा," एवढेच ती म्हणाली. त्यासाठी मी अलिबाग आणि गणपतीपुळे, दोन्ही खोडून टाकली.

काल रात्री ती पुन्हा वही घेऊन बसली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी सगळे वाचून दाखवले. बोटीच्या ओळीवर तिने मला थांबवले.

"गाडी बोटीत चढली, की आपण गाडीतच बसायचे का?"

"बसलो तरी चालते. तुला आराम पडेल."

"नको," ती म्हणाली, "बोटीला कठडा असेल ना? मी कठड्याजवळ उभी राहीन."