सहिष्णुता आणि शेजारधर्म

'सहिष्णुता' हा शब्द अलीकडे व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून इतका कानांवर पडतो कीं, त्याच्या अर्थाकडे लक्ष देण्याचें आपण जवळजवळ सोडूनच दिलें आहे. शब्द थोडा उलगडून पाहिला तर त्यांत 'सहन करणें' आहे. उन्हाळा सहन करावा लागतो, दाढदुखी सहन करावी लागते, घरीं मुक्काम ठोकून बसलेला पाहुणाही सहन करावा लागतो. या यादींत शेजाऱ्याचें नांव घालणें हें एका परीनें सुसंस्कृतपणाचें लक्षण खरें. कारण जो सहनही करीत नाहीं तो काठी घेऊन धांवतो, आणि काठीपेक्षां सहनशीलता केव्हांही बरी. तथापि तुझ्या शेजाऱ्यांनीं तुला केवळ सहन केलें तर तुझें समाधान होईल काय, असें मला कोणी विचारलें, तर मी 'नाहीं' असेंच उत्तर देईन.

मी ख्रिस्ती आहें. माझें घराणें नगर जिल्ह्यांतलें. त्या जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात. गेल्या चार पिढ्या आमच्या घरांत प्रार्थना, भांडण आणि हिशेब हे तिन्ही व्यवहार मराठींतच होत आले आहेत. असें असतांही नव्या ओळखीच्या सद्गृहस्थांकडून मला दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, 'आपण घरीं मराठी बोलतां काय?' आणि दुसरा, आवाज थोडा उतरवून, 'आपण मूळचे कोण?' पहिल्या प्रश्नाचें मला हसूं येतें. दुसऱ्याचें येत नाहीं. कारण त्यांत माझ्या पूर्वजांविषयींचें कुतूहल नसून माझी जात काढून मला एका परिचित कप्प्यांत ठेवून देण्याची घाई असते.

वस्तुतः पहिल्या प्रश्नाचें उत्तर चारशें वर्षांपूर्वींच देऊन झालें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, येथील भाषा शिकला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' त्यानें मराठींत रचलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. या लोकांना ख्रिस्ताची कथा सांगावयाची तर ती ओवींतच सांगितली पाहिजे, हें त्या परदेशस्थास उमगलें होतें. पुढें १८४२ सालीं नगरास 'ज्ञानोदय' निघाला. १८५७ सालीं बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचीं दुःखें वेशीवर टांगलीं, आणि मराठी कादंबरीचा इतिहास सांगूं लागणाऱ्याला त्या पुस्तकापासून आरंभ करावा लागतो. हे दाखले मी अभिमानानें देतों. पण ते देण्याची वेळ यावी याचें वाईटही वाटतें. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर कोणी मालकीचा उतारा मागूं लागला, तर तो खिशांत असूनही मनुष्याला अपमान वाटावयाचाच.

परंतु ज्या ग्रंथाचा मीं अभिमान सांगितला, त्याच्याच शेजारचें पान वाचल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या गोव्यांत ख्रिस्तपुराण रचलें गेलें, त्याच गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन म्हणून ओळखलें जाणारें धर्मन्यायासन स्थापन झालें, आणि मधलीं थोडीं वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चालू राहिलें. देवळें पाडलीं गेलीं. श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्यास, म्हणजे त्या काळच्या पोर्तुगीज अंमलाबाहेर, नेऊन भक्तांना आपले देव वांचवावे लागले. १६८४ सालीं तर लोकांच्या तोंडची भाषाच बंद करूं पाहणारा हुकूम निघाला. 'जुनी गोष्ट' म्हणून हें सर्व झटकून टाकण्याचा अधिकार मला नाहीं. ज्या क्रुसावर सत्तेनें एका निरपराध्याला खिळलें, त्याच क्रुसाची खूण मिरवीत सत्तेनें दुसऱ्याच्या देवघरांत शिरावें, याहून मोठी ख्रिस्तनिंदा मला ठाऊक नाहीं. धर्म राजाच्या मांडीवर जाऊन बसला कीं त्याची वाणी बदलते. तो विनवणी विसरतो आणि हुकूम शिकतो. हा नियम पोर्तुगीजांच्या धर्मालाच काय तो लागू आहे, असें समजून निर्धास्त राहण्याची मुभा मात्र कोणत्याच धर्माच्या अनुयायांस नाहीं.

राजाज्ञेनें जें तोडलें तें सामान्य जनांनीं आपल्या परीनें सांधून घेतलें, ही या कथेची दुसरी बाजू. शिरगांवची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी, अशी गोव्यांत लोकांची समजूत आहे. आणि सायबिणीच्या फेस्ताला ख्रिस्त्यांच्या बरोबरीनें हिंदूही रांगेंत उभे असतात. धर्मशास्त्र जाणणारे यावर दोन्हीकडून आक्षेप घेतील. पण बहिणीचें नातें जोडणाऱ्या त्या अडाणी म्हटलेल्या मनाला एक गोष्ट कळली होती: देव वेगळे झाले तरी गांव एकच आहे.

माझ्या स्वतःच्या अनुभवांतलीं दोन माणसें येथें सांगतों. माझ्या लहानपणीं आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्या आमच्या घरचें पाणीही पीत नसत, आणि ही गोष्ट त्यांनीं कधीं लपविली नाहीं. परंतु माझी आई विषमज्वरानें अंथरुणाला खिळली, तेव्हां याच आजी रात्रीमागून रात्री तिच्या उशाशीं बसल्या. पहाटे घरीं जाऊन आंघोळ करावयाच्या आणि संध्याकाळीं पुन्हां यावयाच्या. दुसरे गृहस्थ अगदीं आधुनिक. नाताळांत आमच्याकडचा केक आवडीनें खाणारे, आणि 'आम्ही कांहीं मानीत नाहीं' असें चारचौघांत सांगणारे. त्यांची एक खोली भाड्यानें द्यावयाची होती. माझ्या पुतण्याचें आडनांव व धर्म कळतांच ती खोली एकाएकीं 'दुरुस्तीला काढली' गेली. आजींचें सोवळें मला बोचत असे, आणि तें योग्य होतें असें मी आजही म्हणणार नाहीं. तरीही दोघांपैकीं कोणाला सहिष्णु म्हणावें याचा निर्णय करतांना मी केकाला साक्षीला बोलावणार नाहीं.

'सर्व धर्म सारखेच' हें वाक्यही असेंच पुष्कळदां केकासारखें असतें. गोड आणि पोकळ. ज्यानें एकाही धर्माचा मनापासून अभ्यास केला नाहीं, त्याला सगळे सारखेच दिसावयाचे. अंधारांत सर्व गाई काळ्याच. ज्याला श्रद्धेचें कांहींच मोल वाटत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेपुढें आवरून धरावें असें कांहीं जवळ नसतें. त्याच्या स्वस्थपणाला उदासीनता म्हणावें, सहिष्णुता म्हणूं नये. खरी कसोटी लागते ती जेथें दोन्ही बाजूंनीं जीव गुंतलेला असतो तेथें.

अशी कसोटी एका मराठी संसाराला कशी लागली, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचावींत. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि एका क्षणांत त्या घराचे दोन तुकडे झाले. लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा धर्म पटला नव्हता आणि नवराही सोडवत नव्हता. कांहीं वर्षांच्या वियोगानंतर त्या पुन्हां त्यांच्याकडे आल्या, तरी आपलें सोवळें आणि आपलें पाणी त्यांनीं वेगळें ठेवलें होतें. टिळक स्वभावानें तापट. पण श्रद्धेच्या बाबतींत त्यांनीं पत्नीवर जबरदस्ती केली नाहीं. लक्ष्मीबाईंनीं आधीं स्वतःच्या विचारानें जातिभेद टाकला आणि मग, १९०० सालीं, स्वतःच्या पायांनीं चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला. मतभेद एका छपराखालीं कसा नांदवावा याचा इतका हसरा आणि इतका सच्चा वृत्तांत मराठींत दुसरा नाहीं. टिळकांनीं तुकोबांना कधीं सोडलें नाहीं; आपण तुकोबांच्या सांकोवरूनच ख्रिस्ताकडे आलों असें ते मानीत, आणि १९१७ सालीं त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हां बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांत जागा ठेवली.

ख्रिस्ताची शिकवण या प्रश्नावर काय आहे? शुभवर्तमानांतील शोमरोन्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा एक पदर सहसा नजरेआड होतो. यहूदी आणि शोमरोनी यांचा वाद खराखुरा धर्माचा होता. देवाची उपासना यरुशलेमेस करावी कीं गरिज्जीम पर्वतावर, असा तो तंटा. ख्रिस्तानें शोमरोन्यांचें मत मान्य केलें नव्हतें. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईला त्यानें तसें स्पष्ट सांगितलेंही. आणि तरीही 'माझा शेजारी कोण?' असें एका शास्त्र्यानें विचारलें तेव्हां त्यानें जी कथा सांगितली, तींत याजक बाजूनें निघून गेला, लेवी निघून गेला, आणि जखमी वाटसरूला गाढवावर घालून नेणारा निघाला तो परधर्मी शोमरोनी. मत बदलावयाचें नाहीं आणि माणूस सोडावयाचा नाहीं, ही दुहेरी गोष्ट एकाच मुखांतून आली आहे. तिच्यापैकीं अर्धीच ऐकणें सोपें असतें; म्हणून कोणी केवळ कट्टर होतो आणि कोणी केवळ गुळमुळीत.

येथें धर्मांतराचा प्रश्न टाळून चालणार नाहीं. आमच्या जुन्या मिशनऱ्यांच्या कित्येक पत्रकांत हिंदूंच्या देवतांविषयीं जी भाषा आहे, ती वाचतांना मला आजही लाज वाटते; दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर चिखल फेंकून आपला दिवा उजळ होत नाहीं. पैशाचें किंवा औषधाचें आमिष दाखवून कोणी माणसें गोळा करीत असेल तर तो ख्रिस्ताचा बाजार मांडतो. परंतु या देशाच्या राज्यघटनेनें १९५० सालापासून सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य, आणि सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत धर्म आचरण्याचा व प्रसारण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. मनुष्य रात्रीच्या एकांतांत देवाशीं काय बोलतो याची चौकशी सरकारी शिपायानें करूं लागावें, हें गोव्याच्या त्या न्यायासनाचेंच दुसरें रूप ठरेल. मग गणवेश कोणताही असो.

दिव्याखालचा अंधारही सांगितला पाहिजे. नगराकडील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबें समाजानें अस्पृश्य ठरविलेल्या जातींतून आलेलीं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जात धुवून जाते असें आम्ही सांगत आलों, आणि लग्न ठरवावयाची वेळ आली कीं हळूच विचारूं लागलों, 'मूळचे कोण?' तमिळ मुलखांत तर एखाद्या दफनभूमींत जातीची भिंतही उभी राहिली. मेल्यावरही शेजार नको म्हणणाऱ्यांनीं दुसऱ्यांच्या सोवळ्यावर बोलण्यापूर्वीं आपला उंबरा झाडावा. घरोघरीं मातीच्या चुली असतात. पण आपल्या चुलीची राख आपणच काढावयाची असते.

आणि तरीही निराश होण्याचें कारण मला दिसत नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची १९२० नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २०२० मध्यें, उस्मानाबादेस भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हां ते धर्मगुरु आहेत म्हणून कांहींनीं हरकत घेतली. बायबल सुबोध मराठींत आणणारा आणि वसईच्या हिरवाईसाठीं झटलेला हा लेखक. पण आक्षेप घेणाऱ्यांनीं त्याचा धर्म पाहिला. वाचकांनीं मात्र पुस्तकें पाहिलीं, आणि एक ख्रिस्ती धर्मोपदेशक त्या पदावर प्रथमच बसला. २०२४ च्या जुलैंत ते गेले तेव्हां शोक करणाऱ्यांत सर्व धर्मांचीं माणसें होतीं.

मराठींत 'शेजारधर्म' असा एक जुना, घरगुती शब्द आहे. आपल्या पूर्वजांनीं शेजाराला नुसता व्यवहार म्हटलें नाहीं, धर्म म्हटलें, याचें मला फार मोठें वाटतें. सहिष्णुतेंत मी माझ्या दारांत उभा असतों आणि शेजारी त्याच्या. शेजारधर्मांत कोणी तरी अंगण ओलांडतो. माझ्या हिंदु, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांनीं माझें मत मान्य करावें अशी माझी अपेक्षा नाहीं, आणि माझें मत मीं त्यांच्यासाठीं पातळ करावें अशी त्यांनींही ठेवूं नये. ताप भरला असतां रात्रीं उशाशीं कोण बसेल, आणि खोली रिकामी असतां ती कोणाला मिळेल, एवढ्या दोन गोष्टींचा हिशेब चोख राहिला, तर उरलेला वाद आपण सावकाश आणि आनंदानें घालूं.