दहाव्या मिनिटाची घरघर

माझ्या तीर्थरूपांनी १९७८ साली घेतलेला एक प्रीॲम्प्लिफायर मजजवळ आहे. तबकडीवरील सुईकडून येणारा अतिसूक्ष्म विद्युत्संदेश वाढवून तो पुढील मोठ्या ॲम्प्लिफायरच्या स्वाधीन करावयाचा, एवढेच त्याचे काम. शनिवारी दुपारी चार-दोन विद्यार्थी जुन्या तबकड्या ऐकावयास आमच्या घरी येतात, हे पालकांस ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात अशाच एका शनिवारी नववीतील एका मुलाने आवाजाची कळ किंचित फिरविली आणि दोन्ही कर्ण्यांतून मोठी घरघर सुरू झाली. मी त्यास सर्वांदेखत रागावलो. "सर, मी हात लावायच्या आधीपासूनच बारीक आवाज येत होता," असे तो म्हणाला. मी ती सबब मानली. पुढच्या शनिवारी तो आला नाही.

संच उघडला तो या प्रकारानंतर आठ दिवसांनी. घरातील वीज सेकंदास ५० वेळा हेलकावे खाते. ती सुलट केली म्हणजे लाटा १०० होतात. मुलीच्या फोनवर मोजून पाहता आमची घरघर बरोबर १०० चीच निघाली. तेव्हा रोग वीजपुरवठ्याच्या भागात आहे, हे कळले.

त्या भागाची रचना आपल्या गच्चीवरील टाकीसारखी समजावी. नळास पाणी येते-जाते, म्हणून टाकी. आणि टाकीतील पातळी वरखाली झाली तरी खाली धार सारखी पडावी, म्हणून तोटीवर एक राखणदार. येथे टाकी म्हणजे १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि राखणदार म्हणजे रेग्युलेटर. टाकीत सुमारे २४ व्होल्ट. राखणदाराजवळ १५ व्होल्टांचा झेनर हे प्रमाण. त्यातून ट्रान्झिस्टर आपले अर्धा-पाऊण व्होल्ट ठेवून घेतो आणि बाहेर १४.४ पडतात. अशा दोन बाजू, एक धन व एक ऋण. धन बाजू ठीक होती. ऋण बाजू मल्टिमीटरवर ११ च्या आसपास घोटाळत होती.

राखणदारच चुकार, असा निकाल मी तत्काळ दिला. (निकाल देण्याची घाई हा आम्हा मास्तरांचा व्यवसायजन्य दोष असावा.) पुण्यास बुधवार पेठेत जाऊन बी.डी. १४० हा ट्रान्झिस्टर आणला. दुकानदार म्हणाला, "मास्तर, जुनं सगळं काढा आणि ७८१५ नि ७९१५ बसवा." सल्ला वाईट नव्हता, मात्र त्या दोहोंचे पाय सारख्या क्रमाने नसतात. पहिल्याचा पहिला पाय आवक, दुसऱ्याचा पहिला पाय जमीन. एकासारखे दुसरे बसविणारा फसतो. शिवाय वडिलांचा संच होता तसाच राहावा, अशी इच्छा.

नवा ट्रान्झिस्टर डाखून, साठ वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावून संच सुरू केला. आवाज स्वच्छ! पत्नीस बोलावून ऐकविले. दहाव्या मिनिटास घरघर परत हजर झाली. कळीस कोणीही हात लावला नव्हता.

त्या क्षणी मला त्या मुलाचे वाक्य आठवले. त्या शनिवारीही तबकडी सुरू होऊन तितकाच वेळ झाला होता.

मग खराट्याची एक कोरडी हीर घेऊन पट्टीवर जागोजाग दाबून पाहू लागलो. (मुलांनी हे करू नये, उघड्या संचात जिवावरची वीज असते, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती काही काळ उरते.) ऋण बाजूच्या कंडेन्सरपाशी हीर दाबली की शांतता, सोडली की घरघर. संच बंद करून, कंडेन्सर रिकामा करून, भिंगातून पाहिले. त्याच्या एका पायाभोवतीच्या डाखात केसाएवढी गोल चीर होती. शेजारचा ट्रान्झिस्टर तापतो, निवतो; अशा चाळीसहून अधिक वर्षांच्या प्रसरण-आकुंचनाने डाख फाटला होता. थंड असता पाय टेकलेला. ऊब लागली की सुटलेला. टाकीच निखळली तर राखणदार धार कोठून राखणार? बिचारा निर्दोष होता. जुना डाख शोषून काढला, नवा दिला. काम पाच मिनिटांचे.

सोमवारी वर्गात मी हे सर्व फळ्यावर आकृती काढून सांगितले आणि त्या मुलाची क्षमा मागितली. रागावलो होतो तेही सर्वांसमक्षच. तो काही वेळ आकृतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मग काढलेला ट्रान्झिस्टर चांगलाच होता ना? तो मला द्याल?" तो आता त्याच्या कंपासपेटीत असतो.

शनिवारी तो आला, पण दाराजवळच बसला. तबकडी लावली. त्याची दृष्टी भिंतीवरील घड्याळावर, आणि खरे सांगावयाचे तर माझीही. दहावे मिनिट गेले. अकरावे लागले, तेव्हा तो आपण होऊन उठला आणि त्याने आवाजाची कळ थोडी वाढविली.