बंगळुरूच्या स्वयंपाकघरात तीन तास

बंगळुरूच्या नावाची एक आख्यायिका सांगितली जाते. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीच्या नादात रानात वाट चुकला. भुकेने व्याकूळ होऊन तो एका म्हातारीच्या झोपडीशी आला. तिच्या घरी उकडलेल्या दाण्यांवाचून दुसरे काही नव्हते. तेच तिने राजापुढे ठेवले. म्हणून त्या जागेचे नाव पडले 'बेंदकाळूरु', म्हणजे शिजवलेल्या दाण्यांचे गाव. इतिहास काही वेगळेच सांगतो. शहराजवळच्या बेगूर येथील नवव्या शतकातल्या शिलालेखात 'बेंगळूरु' हे नाव आहे, आणि तो लेख बल्लाळ राजाच्या कितीतरी आधीचा. पण पाहुण्याला स्वयंपाकघरापर्यंत नेणारी ही गोष्ट बंगळुरूच्या लोकांनी आवडीने जपली आहे.

आज या शहरात येणारा पाहुणा लालबाग पाहतो, विधानसौधासमोर छायाचित्र काढतो, एखाद्या प्रसिद्ध उपाहारगृहासमोर रांग लावून डोसा खातो आणि म्हैसूर पाकाचा खोका घेऊन परततो. यात काही गैर नाही. मात्र अलीकडे काही प्रवासी आणखी एक बेत आखू लागले आहेत. ते अर्धा दिवस राखून ठेवतात, एखाद्या घरगुती पाकवर्गात जातात आणि तिथे स्वतःच्या हाताने रांधून जेवतात.

ही पद्धत पूर्वेकडच्या देशांत चांगलीच रुळली आहे. व्हिएतनाममधील होई आन हे जुने बंदर 1999 मध्ये जागतिक वारसा ठरले. तिथे जाणारे कितीतरी पर्यटक एक सकाळ पाकवर्गासाठी ठेवतात. आधी बाजार, मग चूल, असा त्या वर्गाचा क्रम असतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या कापडावर तांदळाचे पातळ पीठ पसरायचे, वाफवायचे आणि बांबूच्या पट्टीने अलगद उचलायचे. तांदळाच्या फेण्या घालणाऱ्या आपल्या आजीला हे काम नवे वाटले नसते! पुढे त्या पापुद्र्यांत कोथिंबीर, पुदिना आणि भाज्या गुंडाळून वळकट्या करतात. एकदा आपल्या हातून पापुद्रा फाटला की त्या साध्या पदार्थामागचे कसब कळते.

बंगळुरूचे वर्ग याच धाटणीचे, पण इथला शेजार आपला आहे. म्हणूनच मराठी माणसाला इथे ओळखीचे पदार्थ अनोळखी रूपात भेटतात.

पहिला धडा बाजारात

बसवनगुडीतील गांधी बाजार हा जुन्या बंगळुरूचा बाजार. फुलांचे ढीग, केळीची पाने, कोवळ्या पालेभाज्यांच्या जुड्या आणि मसाल्यांची दुकाने इथे एकाच फेरीत पाहून होतात. चांगली शिकवणारी गृहिणी विद्यार्थ्यांना आधी अशा बाजारातून फिरवते.

मसाल्याच्या दुकानात पहिली ओळख पटते ती बेडगी मिरचीची. कोल्हापूर-सांगलीकडे मसाल्याला रंग यावा म्हणून जी आणतात, ती हीच. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या गावावरून तिला हे नाव मिळाले. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिखटपणा कमी आणि रंग गडद, हा तिचा गुण. बिसी बेळे भाताचा लालसर रंग तिच्यामुळेच येतो.

पुढची वस्तू मात्र मराठी पाहुण्याला कोड्यात टाकते. लवंगेसारखी दिसणारी, पण तिच्याहून बरीच मोठी अशी ही एक वाळलेली कळी. दुकानदार तिचे नाव सांगतो, 'मराठी मोग्गु'. मोग्गु म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ही कळी बिसी बेळे भाताच्या मसाल्यात हवीच. नाव मराठी, पण बहुतेक मराठी घरांत तिचा पत्ताच नसतो! आपल्या गोड्या मसाल्यातल्या नागकेशराशी तिची गल्लत करू नये. दोन्ही कळ्याच असल्या तरी वास निराळा.

थंडीच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बाजार 'अवरेकाळु'ने भरून जातो. हा आपल्या पावट्या-वालाचाच भाऊबंद. मागडीकडून येणाऱ्या शेंगांना बंगळुरूत मोठा मान. शेंगेला एक उग्र, तेलकट सुगंध असतो. त्याला कानडीत 'सोगडु' म्हणतात, आणि गिऱ्हाईक शेंग नाकाशी नेऊन तो पारखते. सोललेले दाणे पाण्यात भिजवायचे आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दाबायचे, की सालीतून दाणा टुणकन बाहेर पडतो. ही झाली 'हितिकिद बेळे', म्हणजे चिमटून काढलेली डाळ. वालाच्या डाळिंब्या सोलणाऱ्या हातांना हे पटकन जमते. फरक एवढाच, की इथे दाण्याला मोड आणत नाहीत. पाटीभर दाणे सोलायला सारे घर बसते, आणि वर्गातही गप्पांना इथेच रंग चढतो.

नाचणीचा गोळा आणि मनगटाची परीक्षा

जुन्या म्हैसूर मुलखाचे रोजचे अन्न म्हणजे रागी, आपली नाचणी. आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून हे धान्य हजारो वर्षांपूर्वी भारतात आले आणि कर्नाटकात पुरते रुजले. देशात सर्वाधिक नाचणी याच राज्यात पिकते. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदासांनी 'रामधान्यचरिते' या काव्यात तांदूळ आणि नाचणी यांचे भांडणच रंगवले आहे. श्रेष्ठ कोण, याचा निवाडा करण्यासाठी श्रीराम दोघांनाही सहा महिने कोठडीत ठेवतात. तांदूळ खराब होतो, नाचणी जशीच्या तशी राहते आणि जिंकते. गरिबाच्या धान्याची बाजू घेणारी ही कथा. तिच्यातला व्यवहार खराच आहे, कारण नाचणी नीट साठवली तर वर्षानुवर्षे टिकते.

याच नाचणीचे 'मुद्दे' करायला शिकणे हा वर्गातला सर्वांत अवघड भाग. एक वाटी पिठाला साधारण दोन वाट्या पाणी. आधी चमचाभर पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडतात. मग उरलेले पीठ मधोमध ढिगासारखे ओततात, आणि तेव्हा ते हलवायचे नाही! मंद आचेवर काही मिनिटे ते तसेच शिजू द्यायचे. त्यानंतर भांडे घट्ट धरून लाकडी दांड्याने ते जोराने घोटायचे. गुठळी राहता कामा नये. शेवटी हात गार पाण्यात बुडवून, वाफाळणारे पीठ ताटलीत फिरवून त्याचा गुळगुळीत गोळा करायचा.

वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात उकड घोटण्याची सवय असलेल्या बाईलाही घाम फुटतो, आणि पुरुषांची मनगटे तर लवकरच बोलू लागतात. पीठ शिजले की नाही, हे घड्याळ सांगत नाही. ओले बोट लावावे. पीठ बोटाला चिकटले नाही तर ते झाले. ही खूण शेजारी उभे राहून एकदा पाहिली की कायमची लक्षात राहते.

खाण्याचीही एक रीत आहे. मुद्दे चावत नाहीत. लहान तुकडा तोडावा, सारात बुडवावा आणि गिळावा. पहिल्या घासाला पाहुणा अडखळतो. तिसऱ्या-चौथ्या घासाला हात आपोआप वाटीकडे जाऊ लागतो.

एका भांड्यात दोन पदार्थ

मुद्द्यासोबत 'बस्सारु' करतात. डाळ किंवा कडधान्य पालेभाजीबरोबर उकडायचे आणि पाणी निथळून घ्यायचे. त्या पाण्यात वाटलेला मसाला घालून झणझणीत सार होते. निथळलेल्या भाजी-डाळीला फोडणी आणि खोबरे घातले की कोरडी 'पल्या', म्हणजे भाजी तयार. एकाच भांड्यातून दोन पदार्थ, आणि वाया काहीच जात नाही.

मराठी गृहिणीला लगेच कटाची आमटी आठवेल. तिला इथेही सख्खी बहीण आहे. 'ओब्बट्टु' किंवा 'होळिगे' ही इथली पुरणपोळी, आणि तिच्या डाळीच्या पाण्याचे होते ते 'ओब्बट्टु सारु'. आपण पुरणाला हरभऱ्याची डाळ घेतो. या भागात पुष्कळ घरांत तुरीची घेतात. पारी सैल आणि तेलात मुरलेली असते. लाटण्याऐवजी ती केळीच्या पानावर बोटांनी थापतात. तेलपोळी येणाऱ्या हातांना हे चटकन साधते.

शेवयांच्या साच्याचीही तीच गोष्ट. तांदळाच्या पिठाचे गोळे शिजवून, गरम असतानाच साच्यातून दाबले की 'ओत्तु शाविगे' होतात. नारळाचे दूध आणि गूळ घालून त्या खातात. मालवणकडचे लोक म्हणतील, ही तर आमची शिरवळी! व्हिएतनामी लोक तांदळाचे ओले पीठ साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडून 'बून' नावाच्या शेवया करतात. इतक्या दूरच्या प्रदेशांत तांदूळ खाणाऱ्या माणसांना सुचलेली युक्ती मुळात एकच.

1638 मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या शेजाराची चव अशी ताटात कळते.

पाकिटातली चव आणि हाताची चव

एक गंमत अशी, की तयार पिठांच्या पाकिटांची वाट देशाला दाखवणाऱ्या शहरांतही बंगळुरूचे नाव पुढे आहे. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये इथे उपाहारगृह सुरू केले. तेच पुढे 'मावळ्ळी टिफिन रूम्स' म्हणजे एमटीआर म्हणून नावारूपाला आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि टंचाई आली, तेव्हा त्यांनी रव्याची इडली करून पाहिली. तुपात भाजलेला रवा, दही, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि काजू. अडचणीतून निघालेली ही रवा इडली आज घरोघरी होते. आणीबाणीच्या काळात सरकारने ठरवलेल्या दरांत उपाहारगृह चालवणे परवडेना. तेव्हा ते काही काळ बंद झाले आणि मालकांनी कोरडी पिठे व मसाले विकण्याकडे लक्ष वळवले. तो खाद्यपदार्थांचा उद्योग 2007 मध्ये एका नॉर्वेच्या कंपनीने विकत घेतला. लालबाग रस्त्यावरचे उपाहारगृह मात्र वेगळे राहिले आणि पूर्वीसारखेच गर्दी खेचत राहिले.

पाकिटाने नोकरदार गृहिणीचे कष्ट वाचवले, यात शंका नाही. परंतु त्याची एक किंमतही आहे. पूर्वी मुलगी आईच्या आणि सून सासूच्या शेजारी उभी राहून मसाला भाजायला शिकत असे. आता मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परगावी जातात, आणि आजीचा अंदाज आजीबरोबरच संपतो. कानडीत एक शब्द आहे, 'कै रुची', म्हणजे हाताची चव. आपणही म्हणतोच, अमुकच्या हाताला चव आहे. ही चव लिहून ठेवता येत नाही. धणे कोणत्या रंगावर उतरवायचे, चिंचेचा कोळ किती उकळला की कच्चा वास जातो, बंगळुरूच्या थंडीत डोशाचे पीठ किती वेळ जास्त ठेवायचे, हे पाहून आणि करूनच येते.

म्हणूनच या वर्गांत केवळ परगावचे प्रवासीच शोभतात असे नाही. बंगळुरूतच वाढलेल्या, पण घरी शिकायचे राहून गेलेल्या तरुण-तरुणींनाही त्यांचा तेवढाच उपयोग आहे. शिकवणाऱ्या गृहिणीलाही त्यातून चार पैसे मिळतात. त्याहून मोठे म्हणजे, आयुष्यभर 'घरचेच काम' म्हणून दुर्लक्षिलेल्या तिच्या कसबाला मान मिळतो.

जाण्यापूर्वी

घरगुती निवासात उतरणाऱ्यांनी यजमानांकडेच चौकशी करावी. बरेचदा शिकवणारे हात त्याच घरात असतात. वर्ग ठरवताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात: स्वतः करायला मिळणार की नुसते पाहायचे, बाजारात फेरी आहे का, आणि शुल्कात जेवण धरले आहे का. चार-सहा जणांचा गट उत्तम. त्याहून मोठ्या गटात चुलीपाशी जागा मिळत नाही. एखादा पदार्थ सोसत नसेल तर आधीच सांगावे. काही घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. तिथे त्याचा आग्रह धरू नये. पादत्राणे बाहेर काढावीत, आणि छायाचित्र घेण्याआधी घरच्यांना विचारावे.

गांधी बाजाराला मेट्रोने जायचे तर हिरव्या मार्गावरचे नॅशनल कॉलेज स्थानक सोयीचे. 1943 पासून डोशासाठी प्रसिद्ध असलेले विद्यार्थी भवन याच बाजारात आहे. अवरेकाळु हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी गाठावा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी गेल्यास बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या देवळापाशी भरणारी 'कडलेकाई परिशे' ही भुईमुगाच्या शेंगांची जत्राही पाहता येते.

दोन कानडी शब्द पाठ असू द्यावेत. 'बेकु' म्हणजे हवे आणि 'साकु' म्हणजे पुरे. पानावर वाढणारी बाई पाहुण्याचे 'साकु' सहसा पहिल्याच खेपेला ऐकत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

घरी परतल्यावर पहिला मुद्दे बहुधा बिघडेलच. गुठळ्या राहतील, गोळा फुटेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हाताला अंदाज येईल. मग कधीतरी शेजारीण विचारील, नाचणीचे हे कुठे शिकलात? तेव्हा तिला कृती लिहून देण्यापेक्षा चुलीपाशी बोलवावे आणि लाकडी दांडा तिच्या हाती द्यावा.