भुशाखालचा आवाज

अब्बांनी १९९७ साली एक जुना सहाचाकी ट्रक घेतला आणि आम्ही दोघं भाऊ त्यावर क्लीनर म्हणून चढलो. सांगलीत हळद, गूळ भरायचा आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचवायचा, हा आमचा धंदा. घेताना अब्बांनी ट्रक स्वतः चालवून पाहिला होता. गिअर बॉक्स अगदी गप्प होता. दोन महिने झाले नाहीत तोच तो बोलू लागला. आधी बारीक घरघर, मग परतीचा घाट चढताना दळण दळल्यासारखा आवाज. केबिनमध्ये शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागे.

मिरजेला उस्तादांकडे गाडी नेली. आम्हाला वाटलं, ते लगेच पाने काढतील. ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज कू दबाव नको बेटे, पहले उसकू पूछ."

विचारायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून बाजूला. घरघर सुरू. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर रिलीज बेअरिंगवर संशय गेला असता. ते निर्दोष सुटलं. क्लच दाबला की इंजिनाचा जोर बॉक्समध्ये जात नाही, आतलं फिरणं थांबतं आणि आवाजही थांबतो. म्हणजे दुखणं बॉक्सच्या पोटातच होतं.

मग गाडी रस्त्यावर घेतली. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दात तपासायचे. इथं पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आवाज होता, पाचव्यात मात्र बराच कमी. आमच्या गाडीत पाचव्या गिअरला जोर टॉप शाफ्टमधून थेट मेन शाफ्टला जायचा. खालचा ले शाफ्ट नुसता फिरायचा, ओझं वाहायचा नाही. बाकीच्या गिअरांत सगळं ओझं त्याच्याच खांद्यावर. उस्ताद म्हणाले, "ले शाफ्ट का बेरिंग गया."

गाडी गरम असतानाच खालचा नट काढून ऑइल सोडलं. ते धार धरून पडेना. काळ्या लापशीसारखं लोंबत राहिलं. उस्तादांनी ते बोटांत चोळून अब्बांपुढे धरलं. त्यात लोखंडाचा चमकता चुरा होता आणि फुगलेला लाकडाचा भुसा. ट्रक विकताना कुणीतरी तो आत कोंबला होता. भुशानं ऑइल घट्ट होतं, दातांचा आवाज मऊ पडतो. पण तोच भुसा ऑइल शोषून घेतो, बेअरिंगपर्यंत पोचू देत नाही. गाडी गप्प बसते आणि आतून झिजत राहते.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्यासोबत आलेला दलाल मात्र बोलला, "चाचा, नवा भुसा टाका, आठ दिवस आवाज येणार नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आणतो."

खरं सांगायचं तर आम्हा दोघांना ते पटलं होतं. सोसायटीचे दोन हप्ते थकले होते. आम्ही अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी लहानपणी ऐकवलेलीच गोष्ट पुन्हा सांगितली. पैगंबरसाहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटं ओली झाली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलं, असं त्यांनी विचारलं. एवढं सांगून अब्बा उस्तादांना म्हणाले, "खोला."

त्या महिन्यात अम्मीची भिशी लागली होती. ती सगळी त्या बॉक्समध्ये गेली. प्रोपेलर शाफ्ट सोडवला, चेन ब्लॉकला बांधून बॉक्स खाली घेतला. ले शाफ्टच्या मागच्या बेअरिंगच्या रिंगला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलली. तिसऱ्या गिअरचे दातही खाल्लेले होते; तो त्याच्या जोडीदारासह बदलला. एकमेकांवर झिजलेल्या चाकांतलं एकच नवं घातलं, तर ते जुन्याशी जुळत नाही. आतून बॉक्स डिझेलनं धुतला, नवं पॅकिंग, नवं सील घातलं आणि ऑइल नेमकं पातळीपर्यंत भरलं. चौथ्या दिवशी आम्ही आंबा घाट चढलो तेव्हा अब्बा क्लीनरच्या जागेवर डोळे मिटून बसले होते. ते झोपले नव्हते, ऐकत होते.

२००४ साली ट्रक विकला. अब्बांनी गोणपाटातून ते जुनं बेअरिंग काढून गिऱ्हाइकाला दाखवलं, झालेली सगळी हकीकत सांगितली. त्यानं लगेच किंमत आणखी पाडली. आम्ही चिडलो. अब्बा म्हणाले, "पाडू दे. झोप तर आपली आहे."

आज आम्हा दोघा भावांचं छोटं गॅरेज आहे. अधूनमधून कुणीतरी येतं, हळू आवाजात म्हणतं, "काहीतरी टाका, पण आवाज बंद करा." आम्ही वाद घालत नाही. फळीवरचं ते बेअरिंग त्याच्या हातात देतो आणि फिरवून बघायला सांगतो.